चेहऱ्याची रिकामी जागा

चेहरा सोडून सगळं रंगवून झालं होतं. निळा रेशमी झगा, कोपरापाशी पांढरी झालर, गळ्यात पोवळ्यांची माळ, डाव्या हाताच्या बोटावर बसलेला छोटा पक्षी. मानेच्या वर मात्र अंड्याच्या आकाराची करडी जागा. शेजारच्या घराच्या खिडकीला, इथल्या बहुतेक घरांप्रमाणेच, पडदा नव्हता. त्यामुळे सकाळी सायकल काढताना आणि संध्याकाळी ऑफिसातून परतताना ते बिनचेहऱ्याचं मूल माझ्याकडे बघायचं. बघायला डोळे नव्हते, तरी बघायचं.

तेव्हा आम्ही हॉलंडमधल्या न्यूनेनला राहायचो. मी आणि नवरा दोघंही आइंडहोवनला, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामात. माझं काम बिघाडाचं मूळ शोधण्याचं. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, एवढ्यावरून पहिलीमुळे दुसरी घडली असं म्हणायचं नाही, हे मी नव्या मुलांना सगळ्यात आधी शिकवते. हे इथेच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात हा नियम माझ्या काही उपयोगी पडला नाही.

मुलगी सात वर्षांची होती. हिवाळा आला की तिचा घसा धरायचा, ताप चढायचा आणि श्वासाला बारीक शिट्टी लागायची. इथला हाउसआर्ट्स, म्हणजे ज्याच्या चिठ्ठीशिवाय मोठ्या डॉक्टरचं दार उघडत नाही तो आपल्या भागाचा डॉक्टर, दर वेळी म्हणायचा, पॅरासिटामॉल द्या आणि वाट बघा. दर वेळी ती बरी व्हायची. पण वाट बघणं मला कधी जमलं नाही. त्या देशात मला भीती होती ती एकाच गोष्टीची. कधीतरी आपण शहाण्यासारखी वाट बघत बसू, आणि ती वेळ वाट बघण्याची नसेल.

शेजारचे गृहस्थ निवृत्त चित्रकला शिक्षक. टिलबर्गच्या एका शाळेत नोकरी झाली, बायको वारली, मग इथे आले. उंच, सडपातळ, बोलणं तुटक. माझी मुलगी त्यांना ओपा म्हणायची, म्हणजे आजोबा. एका रविवारी ते, आधी फोन करून वेळ ठरवून, चहाला आले. भिंतीला भिंत लागून राहणारा माणूसही इथे वेळ ठरवूनच येतो.

"तुमच्या मुलीचा चेहरा मला उसना हवाय," ते म्हणाले.

"परत कधी देणार?" नवऱ्याने विचारलं.

ते हसले नाहीत. खिशातून एक फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. काळापांढरा, जुना. त्यात एका मुलीचं रंगवलेलं चित्र, आणि चेहऱ्यावर पाण्याचा मोठा डाग. मूळ चित्र त्यांच्या मावशीच्या घरी होतं, ते घर जळालं तेव्हा गेलं. उरला हा फोटो. मावशीच्या पूर्वजांची एक शाखा अठराव्या शतकात अमेरिकेत गेली, तिथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. एका मोठ्या नदीच्या काठी शेती करून राहिली. तिथल्या एका फिरत्या चित्रकाराने हे चित्र काढलं आणि कुटुंबाने ते पुढे हॉलंडमधल्या नातेवाइकांकडे पाठवलं. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ओपांनी त्या चित्रकारामागे घालवली होती. आता ते चित्र त्यांना पुन्हा काढायचं होतं, त्याच्याच पद्धतीने.

"पण ती मुलगी गोरी असणार," मी म्हटलं. "आमची गव्हाळ."

"रंग कुणालाच माहीत नाही. फोटोत रंग नाहीत. मला तिचं कपाळ आणि गाल हवेत, डागाच्या कडेला जेवढे दिसतात ना, तसेच आहेत. आणि बुधवारी दुपारी गल्लीतली बाकीची सगळी पोरं हॉकीला जातात."

मुलीला विचारलं. तिने डचमध्ये विचारलं, बिस्कीट मिळणार का. मिळणार होतं. एक.

सासूबाई तेव्हा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. बुधवारी शाळा दुपारीच सुटते, म्हणून बुधवारची मुलगी त्यांच्या ताब्यात असायची. त्या रविवारी चहा होईपर्यंत ओपा आमच्या बैठकीत फिरून बघत होते. कपाटावर सासऱ्यांचा फोटो होता. सासूबाईंनी रोजच्यासारखा त्याला हार घातला होता आणि पुढे छोटी मेणबत्ती लावली होती.

ओपांनी मुलीला काहीतरी विचारलं. मुलीने आजीला.

"सांग त्यांना, हे तुझे आजोबा," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही रोज हार घालतो, दिवा लावतो."

मुलीने सांगितलं. ओपांनी विचारलं, का? हा प्रश्न तिने आजीपर्यंत नेलाच नाही. स्वतःच उत्तर देऊन मोकळी झाली: आमचं त्यांच्यावर सगळ्यात जास्त प्रेम आहे म्हणून. ओपांनी मान डोलावली. उत्तर खोटं नव्हतं, त्यामुळे स्वयंपाकघरातून मी काही बोलले नाही.

मला चित्रातलं कळत नाही, पण एखादं काम कसं करतात ते ऐकायला आवडतं. मुलीला आणायला गेले की मी दहा मिनिटं थांबायची आणि ओपा त्या चित्रकाराबद्दल सांगायचे. तो घरं रंगवणाऱ्याचा मुलगा. दुकानांच्या पाट्या, बग्ग्यांची दारं, आग विझवायच्या बादल्या रंगवत शिकला. मोठ्या चित्रकाराचं अस्सल चित्र त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. विलायतेहून छापील चित्रं यायची, उमरावांच्या बायकांची, तीही काळीपांढरी. त्यावरून तो उभं राहण्याची ढब उचलायचा, झगा उचलायचा, मागचा खांब आणि बाग उचलायचा. नदीने होडी करून वर जायचा. एखाद्या शेतकऱ्याकडे उतरायचा, त्यांच्या पंगतीला जेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना रंगवून पुढच्या गावी जायचा. झगा आधी, चेहरा शेवटी.

"म्हणून त्या नदीकाठी बऱ्याच बायकांच्या अंगावर एकच निळा झगा आहे," ओपा म्हणाले. "एकमेकींना कधी न भेटलेल्या बायका. झगा कुणाकडेच नव्हता. चेहरा तेवढा खरा."

"म्हणजे फॉर्म छापलेला आणि नाव तेवढं भरायचं," मी म्हटलं.

"तुम्ही इंजिनिअर लोक," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

तिसऱ्या बुधवारी मी जरा लवकर पोचले. त्या करड्या अंड्यात दोन डोळे आले होते. माझ्या मुलीचेच. डावी पापणी किंचित जड, तीसुद्धा. वर कपाळ होतं, खाली काही नव्हतं. नाक नाही, तोंड नाही. समोर स्टुलावर माझी मुलगी पाय हलवत बिस्कीट खात होती आणि तिचेच डोळे कॅनव्हासवरून, तोंड नसलेल्या चेहऱ्यातून बघत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ही मोठी होऊन कोण झाली?"

"झाली नाही," ओपा ब्रश पुसत म्हणाले. "चित्र काढलं तेव्हा ती गेलेलीच होती. घशाच्या आजाराने. एका हिवाळ्यात त्या खोऱ्यातल्या घराघरातली मुलं गेली. घसा सुजायचा आणि श्वास बंद."

"मग त्याच्यासमोर बसलं कोण?"

"तिची बहीण. तिचा झगा घालून."

मग त्यांनी सगळंच सांगितलं, शिक्षक सांगतात तसं, आवाजात चढउतार न करता. मूल गेलं की घरचे त्या चित्रकाराला निरोप पाठवायचे. तो पुरण्याआधी पोचला तर चेहऱ्याचं एक रेखाटन करायचा, मग मागे राहिलेल्या भावंडाला बसवून डोळे उघडे रंगवायचा. त्या हिवाळ्यात त्याला इतक्या घरून बोलावणी आली, की पुढे त्याची होडी धक्क्याला लागताना दिसली तरी बायका मुलांना ओढून आत घ्यायच्या आणि दार लावायच्या. माणूस साधा होता. रंगांची पेटी घेऊन उतरायचा, बस. पण तो आला की कुठेतरी काहीतरी झालेलं असायचं.

"त्याला स्वतःला मुलं होती," ओपा म्हणाले. "त्यांचं एकही चित्र सापडलेलं नाही. लोक म्हणतात, हरवली असतील. मला वाटतं त्याने काढलीच नाहीत. धजला नसेल."

"आणि हा पक्षी?"

"मावशी सांगायची, पायाला दोरा बांधलेला असेल तर मूल जिवंत. मोकळा असेल तर गेलेलं. खरं-खोटं मला माहीत नाही."

मी बघितलं. बोटावरचा पक्षी मोकळा होता.

हे सगळं डचमध्ये चाललं होतं आणि माझी मुलगी डच उत्तम समजते. घराचं दार उघडल्या उघडल्या तिने आजीला बातमी दिली. "आजी, ती पेंटिंगमधली गर्ल डेड होती! मी डेड गर्लचं काम करते!"

सासूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "मेलेल्या पोरीच्या जागी बसवलीस हिला?"

"बसवली नाही आई, ती स्टुलावर बसली."

"मला शब्दात धरू नकोस. कशाने गेली ती पोर?"

मी मुलीचा कोट काढायला लागले. "थ्रोट!" तिने आनंदाने सांगितलं आणि स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला.

"काढ तो हात!" सासूबाई ओरडल्या. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "शिकलेली आहेस, मोठ्या पगाराची आहेस, मी बोलायचं काम नाही. पण तो माणूस तिथे काय रंगवतोय आणि हिचं काय घेतोय, ते तुमच्या यंत्रात दिसायचं नाही."

त्यांनी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन मुलीची दृष्ट काढली आणि सगळं तव्यावर टाकलं. छतावरचा धुराचा भोंगा असा काही किंचाळला, की दोन मिनिटांत ओपा आग विझवायचं पांघरूण घेऊन दारात हजर. मी त्यांना सांगितलं, मसाला भाजत होतो. मागून सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस? लगेच आला." मला हसू यायला हवं होतं. होडीतून उतरणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला आणि हसू आलं नाही.

आम्ही तडजोड केली. सासूबाईंना पुढची बैठक नको होती. मला असल्या कारणासाठी नाही म्हणायचं नव्हतं. एकच बुधवार अजून, तोंड रंगवलं की संपलं, असं ठरलं. तो बुधवार आलाच नाही.

सोमवारी घसा धरला. मंगळवारी ताप. हाउसआर्ट्सने टॉर्च लावून बघितलं आणि सांगितलं, विषाणू आहे, वर्गात सगळ्यांनाच आहे. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, वाट बघा. ते खरंच होतं, वर्गातली अर्धी मुलं घरी होती. मी स्वतःला ऑफिसातल्यासारखं समजावलं: वर्गातली ती मुलं कुणाच्या चित्रासाठी बसली नव्हती. कारण आणि क्रम वेगळे. दर तासाला कपाळाला हात लावत मी हेच म्हणत होते.

गुरुवारी तिने पाणी नको म्हटलं. शुक्रवारी सकाळी थुंकीही गिळेना, ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागली. आवाज बदलला. तोंडात गरम बटाटा धरून कुणी बोलावं तसा. मान एका बाजूला कलती धरून बसली होती, सरळ करू देईना. मी फोन केला. तिकडची मदतनीस म्हणाली, दुपारी अडीचची वेळ आहे. मी म्हटलं, "मी आत्ता निघतेय. दारात उभी राहीन." आयुष्यात पहिल्यांदा मी त्या देशात वेळ न ठरवता कुठे गेले.

हाउसआर्ट्सने तिला बघितलं आणि या वेळी वाट बघा म्हणाला नाही. उभ्या उभ्या फोन लावला. त्या माणसाची घाई बघून मला जेवढी भीती वाटली तेवढी त्याच्या संथपणाची कधी वाटली नव्हती.

घशाच्या मागे गळू झालं होतं. पू भरलेलं, श्वासनलिकेवर दाब देणारं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं: ही मान, ही नळी, हा फुगवटा. मी नको असताना त्या कागदाकडे बघत राहिले. भूल देणाऱ्याने तिचा हलणारा पुढचा दात आधी काढून घेतला, नाहीतर नळी घालताना निसटून आत जायचा. छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून तो माझ्या हातात दिला आणि ते तिला आत घेऊन गेले.

पू काढला. पण सूज होती, म्हणून नळी सकाळपर्यंत ठेवायची ठरली. तिला झोपवून ठेवलं होतं. डोळ्यांच्या पापण्या मिटलेल्या, चेहरा वरून अर्धा तिचा. खाली चिकटपट्ट्या आणि नळी, नाक-तोंड दिसतच नव्हतं. मी हे आधी पाहिलं होतं, फक्त तिथे डोळे उघडे होते. हा विचार मी नवऱ्याला सांगितला नाही. तो यंत्राचे आकडे वाचत होता. मीही वाचायला लागले.

सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळी दुपारच्या सुमाराला काढू. ती आपली आपण श्वास घ्यायला लागली की झालं. नाही घेतला तर? तर पुन्हा घालू, म्हणाल्या. एवढंच. नवरा म्हणाला, तू घरी जाऊन तिचे कपडे आण आणि आईला घेऊन ये. काही काम असलं की मी धड राहते, हे त्याला माहीत आहे. मी गेले.

आमच्या गल्लीत वळले तेव्हा दहा वाजले असतील. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. गाडी लावताना सवयीने शेजारच्या खिडकीकडे बघितलं.

चित्र पूर्ण झालं होतं. इझलवर नव्हतं, खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलं होतं. माझी मुलगी, निळ्या झग्यात, तोंड मिटलेलं, अगदी ती. आणि त्यावर हार घातलेला. पिवळ्या शेवंतीचा, चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांवरून खाली आलेला. पुढे छोटी मेणबत्ती पेटवलेली.

मी गाडीतच बसून राहिले. डोकं किती वेगाने चालतं याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. इस्पितळाच्या कागदावर आमच्या घरचा नंबर आहे. त्यांनी घरी फोन केला असेल. आईंना डच येत नाही, इंग्रजी फोनवर कळत नाही. त्यांनी रिसीव्हर घेऊन शेजारी धाव घेतली असेल. ओपांनी फोन घेतला. ओपांना कळलं. आणि आपल्यात काय करतात ते त्यांनी आईंना विचारलं. सगळे दुवे जुळत होते. माझ्या हाताखालच्या कुणी असा अहवाल आणला असता तर मी सही केली असती.

नवऱ्याला फोन लावला. बंद. त्या विभागात फोन बंद ठेवायला लावतात, हे मला माहीत होतं. त्या क्षणी माहीत नव्हतं.

मी गाडीतून उतरले. माझ्या घराचं दार डावीकडे होतं. आत सासूबाई असणार होत्या आणि त्यांचा चेहरा बघितला की मला कळणार होतं. म्हणून मी तिकडे गेले नाही. मी शेजारचं दार मुठीने बडवलं.

ओपांनी उघडलं. डोळे लाल, दाढी वाढलेली, बोटांना रंग.

"फोन कुणाचा आला?" मी ओरडले. मराठीत. मग डचमध्ये.

"फोन?" ते म्हणाले. "कुणाचा नाही. काल तुम्ही तिला घेऊन धावत निघालात ते बघितलं, तेव्हापासून तुमच्याकडूनच काही कळतंय का म्हणून बसलोय. कशी आहे ती?"

"मग हे काय आहे? हे काय केलंय तुम्ही?"

ते वळून चित्राकडे बघायला लागले, गोंधळून. "तिच्यासाठी," ते म्हणाले. "मला प्रार्थना वगैरे येत नाही. काहीतरी करायला हवं होतं. तुमच्या घरी करतात तसं केलं. फुलं सुपरमार्केटमधली आहेत, सुई-दोऱ्याने ओवली. चुकलं का? तिनेच सांगितलं होतं, ज्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम..."

माझ्या मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझा आवाज ऐकून अनवाणी आल्या होत्या. त्यांनी चित्र बघितलं. मला बाजूला सारून आत गेल्या, हार असा ओढला की दोरा तुटून फुलं जमिनीवर पसरली, मेणबत्ती बोटांनी विझवली, आणि मग उलट्या हाताने भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "सांग त्याला," मला म्हणाल्या. "सांग, जित्या पोरीला हार घालत नाहीत."

मी सांगितलं. डचमध्ये ते फार थोड्या शब्दांत होतं.

ओपा खाली बसले, खुर्चीत नव्हे, ती बसायची त्या स्टुलावर. पायाशी पडलेलं एक फूल उचललं. "तो चित्रकार निदान माहीत असून काढत होता," ते म्हणाले. "त्याच्याकडे निरोप यायचा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवऱ्याचं नाव दिसलं आणि मला तो उचलता येईना. सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला, हिरवं बटण दाबून माझ्या कानाला लावला.

"नळी आधीच काढली," तो म्हणाला. "घेतेय श्वास. आपला आपण. रागावलीये. आई कुठाय म्हणतेय, आणि दात कुणी घेतला म्हणतेय. ऐकतेयस ना? अगं, हॅलो?"

मी हो म्हटलं. मग घरी गेले, बॅग भरली. इस्पितळात उघडली तेव्हा त्यात तिची एकही चड्डी नव्हती, माझी ऑफिसची दोन जाकिटं होती.

ती बरी झाली. आठवडाभर घरी होती, मग शाळेत जायला लागली. मी मात्र पुढे कित्येक महिने तिच्या दारात उभी राहून श्वास ऐकायची. झोपेत तिने सूर बदलला की मी आत जाऊन तिच्या छातीवर हात ठेवायची. कारण कळलं होतं, गळवातल्या जंतूचं नावसुद्धा कळलं होतं. त्याने काही फरक पडला नाही. कारण कळलं की भीती जाते, असं मला तोवर वाटायचं.

ओपा आमच्याकडे येईनासे झाले. चित्र त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मी ते जाळायला सांगणार होते, पण सांगितलं नाही. आपल्या मुलीचा चेहरा जाळा, असं कुठली बाई म्हणेल? आणि ठेवा तरी कशी म्हणेल? सासूबाई परत जाण्याआधी म्हणाल्या, "त्याचं काय ते मार्गी लाव. अर्धवट राहू देऊ नकोस." पण म्हणजे काय करायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मार्गी लावलं ते मुलीने. एका बुधवारी मला न विचारता शेजारी गेली. मी शोधत पोचले तेव्हा तिने चित्र सरळ करून ठेवलं होतं आणि त्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे मी नाहीये," ती डचमध्ये म्हणाली. "माझा इथला दात पडलाय. दाखव ना तोंड उघडं."

"त्या काळी दात कुणी रंगवत नसे," ओपा म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. "त्याने कधीच रंगवले नाहीत. तोंड मिटलेलंच असायचं."

"पण मग ती तीच राहील. ती दुसरी."

ओपांनी आता माझ्याकडे बघितलं. निर्णय माझा होता. मला माहीत होतं, नाही म्हटलं तर ते चित्र त्या मिटल्या तोंडानेच कुठेतरी राहणार आणि रोज मला ते माहीत असणार.

"रंगवा," मी म्हटलं. "पण मी इथे बसणार."

मी दाराजवळ खुर्ची घेतली. त्यांनी कापसाने जुने ओठ पुसले, बाजूला थोडा गडद तपकिरी रंग कालवला. मुलगी स्टुलावर चढली आणि आ करून बसली. उघड्या तोंडातून तिचा घसा दिसत होता, आत लालसर, मोकळा. मी तिथेच बघत होते. ती वळवळत होती, खांदा खाजवत होती, मध्येच मागे वळून मला जीभ दाखवत होती.

"जरा स्थिर," ओपा म्हणाले. "क्षणभर तरी."

"नको," मी म्हटलं. "हलू दे तिला."